देवदास (व्यक्तिरेखा)

देवदास मुखोपाध्याय (मुखर्जी) हा शरच्चंद्र चट्टोपाध्याय (१८७६–१९३८) यांच्या ‘देवदास’ या बंगाली कादंबरीचा नायक होय. ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. तालसोनापूर या गावच्या जमीनदाराचा धाकटा मुलगा, बालमैत्रीण पार्वती हिच्याशी विवाह करण्याचे धैर्य न झालेला, पुढे मद्याच्या आहारी जाऊन तिच्या सासरच्या दारात प्राण सोडणारा, अशी या पात्राची थोडक्यात ओळख सांगता येते. भारतीय साहित्यातील प्रणयी नायकांमध्ये देवदासाइतकी प्रसिद्धी फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. मूळ कादंबरी न वाचलेल्या, किंबहुना लेखकाचे नावही ठाऊक नसलेल्या माणसाला ‘देवदास’ हा शब्द मात्र माहीत असतो. मराठी बोलीत तर तो सामान्यनामच झाला आहे. दाढी वाढवून उदास बसलेल्या तरुणाला उद्देशून ‘याचा देवदास झाला’ असे सहज म्हटले जाते.

हा नायक पराक्रमी नाही, त्यागी नाही आणि निर्णयाच्या क्षणी कच खाणारा आहे. असे असूनही त्याचे आकर्षण शंभर वर्षांहून अधिक काळ का टिकून राहिले, हा या व्यक्तिरेखेच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

लेखन व प्रकाशन

शरच्चंद्रांनी ‘देवदास’ विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, वयाच्या पंचविशीच्या आसपास लिहिली. त्यांचा जन्म हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर येथील. बालपण व तारुण्याचा बराच काळ बिहारमधील भागलपूर येथे आजोळी गेला. १९०३ मध्ये ते नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले आणि १९१६ पर्यंत प्रामुख्याने रंगून येथे राहिले. या सर्व काळात ‘देवदास’चे हस्तलिखित अप्रकाशितच होते. ‘परिणीता’, ‘विराजबहू’, ‘पल्लीसमाज’ या कृतींनी लेखक म्हणून त्यांचे नाव झाल्यानंतर ही जुनी कादंबरी छापली गेली. ‘श्रीकांत’चा पहिला भाग आणि ‘चरित्रहीन’ या कादंबऱ्याही १९१७ सालच्याच. स्वतः शरच्चंद्रांना ‘देवदास’बद्दल फारसा अभिमान नव्हता. ती अपक्व वयातील रचना आहे असे त्यांचे मत होते आणि ती प्रसिद्ध करण्यास ते नाखूष होते. लेखकाने बाजूला ठेवलेले पात्रच वाचकांनी सर्वांत जवळचे मानावे, हा वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

लेखकाचे मत सर्वस्वी अग्राह्य मात्र नाही. कादंबरीची रचना सैल आहे, मधल्या भागात काळ उड्या मारत जातो आणि काही प्रसंग उरकून टाकल्यासारखे वाटतात. पण बालपणाची पहिली काही प्रकरणे आणि अखेरचा प्रवास या दोन ठिकाणी तिची भाषा इतकी साधी व अचूक आहे की वाचकाला मधल्या उणिवांचा विसर पडतो.

कथानकातील वाटचाल

कादंबरी गावच्या पाठशाळेत सुरू होते. देवदास हा खोडकर, हट्टी व अभ्यासाचा कंटाळा असलेला मुलगा आहे. वर्गनायक भुलो याला चुन्याच्या ढिगात ढकलून तो पळून जातो, बागेत लपून हुक्का ओढतो, आणि पार्वती त्याच्यासाठी पदरात चुरमुरे बांधून आणते. तो तिला मारतो, ती रडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे येते. पुढच्या सगळ्या शोकांतिकेची बीजे या पोरखेळात आहेत: त्याचा तापटपणा, तिची निष्ठा, आणि ती आपलीच आहे हा त्याचा कधीही न तपासलेला समज.

शिक्षणासाठी त्याला कलकत्त्याला पाठवले जाते. पार्वती तेरा वर्षांची होते तेव्हा तिची आजी देवदासाच्या आईकडे विवाहाचा विषय काढते. मुखर्जींच्या घरातून नकार येतो. नकाराची कारणे दोन. एक, पार्वतीच्या चक्रवर्ती घराण्यात मुलीच्या विवाहात वरपक्षाकडून पैसे घेण्याची रीत होती. त्यामुळे ते घराणे ‘विकणाऱ्यांचे’ म्हणून हलके मानले जाई. दोन, अगदी शेजारच्या घराशी सोयरीक करणे कमीपणाचे समजले जाई. अपमान झालेले पार्वतीचे वडील नीलकंठ तिचा विवाह हातीपोता गावचे जमीनदार भुवन चौधरी यांच्याशी ठरवतात. भुवन चौधरी विधुर आहेत, वयाने चाळिशीच्या घरातले आहेत आणि त्यांची मुले मोठी आहेत.

यानंतर कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. पार्वती मध्यरात्री एकटी देवदासाच्या खोलीत येते आणि त्याच्या पायाशी आश्रय मागते. देवदासाच्या मनात पहिला विचार येतो तो लोकापवादाचा. तिला येताना कोणी पाहिले काय, याची त्याला धास्ती वाटते. सकाळी तो वडिलांपाशी विषय काढून पाहतो, बोलणी खातो आणि कलकत्त्यास निघून जातो. तेथून तो तिला पत्र लिहितो. त्याचा आशय असा की आपण तिच्याकडे त्या दृष्टीने कधी पाहिले नाही, आईवडिलांना दुखवणे शक्य नाही, तेव्हा तिने विसरून जावे. पत्र टाकल्यावर त्याला पश्चात्ताप होतो. तो परत येतो तोपर्यंत पार्वतीचा स्वाभिमान जागा झालेला असतो. तळ्याच्या घाटावर ती त्याला नकार देते. संतापाने तो मासे धरण्याच्या गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो आणि ती खूण तिच्या कपाळावर कायमची राहते.

पार्वती हातीपोत्याला जाते. देवदास कलकत्त्यात चुनीलाल या मित्राच्या नादाने चंद्रमुखी या गणिकेकडे पोहोचतो, तिची घृणा करतो, आणि तरीही तेथेच पुन्हा जातो. मद्यपान वाढते, वडिलांच्या निधनानंतर वाट्याला आलेली संपत्ती उडते, यकृताचा विकार जडतो. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी भेटलेल्या पार्वतीला त्याने एक वचन दिलेले असते: मरण्यापूर्वी एकदा तिच्या दारी येईन आणि तिला सेवा करू देईन. मराठी वाचकाला कुतूहल वाटेल अशी एक बाब म्हणजे त्याच्या अखेरच्या प्रवासाचा आरंभ मुंबईतील रुग्णालयातून होतो. जुना नोकर धर्मदास याच्यासह तो गावी जायला निघतो. मात्र रात्री पांडुआ स्थानकावर तो एकटाच उतरतो आणि बैलगाडीने हातीपोत्याची वाट धरतो. चौधरींच्या वाड्यासमोरील झाडाखाली, कोणी ओळखण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू होतो. देह ब्राह्मणाचा असूनही गावातील कोणी त्याला हात लावायला तयार होत नाही. अंत्यसंस्कारही अर्धवटच होतो. शेवटच्या परिच्छेदात शरच्चंद्र निवेदकाच्या भूमिकेतून थेट वाचकाशी बोलतात. अशा अभाग्यासाठी प्रार्थना करावी आणि मरणसमयी मायेचा एखादा हात तरी कपाळावर असावा, असे त्यांचे मागणे आहे.

व्यक्तिरेखेचे विश्लेषण

देवदासाला ‘प्रेमासाठी प्राण देणारा’ असे म्हणण्याची प्रथा आहे. कादंबरी नीट वाचल्यास हे वर्णन अपुरे ठरते. त्याच्या प्रेमाची खोली त्याला स्वतःला पार्वती हातची गेल्यावर कळते. ती दारात उभी होती तेव्हा त्याला ते उमगले नव्हते. जातिभेद, घराण्याचा अहंकार, वडिलांचा धाक हे अडथळे खरेच आहेत आणि शरच्चंद्रांनी ते स्पष्टपणे दाखवले आहेत. तथापि त्यांनी नायकाला त्यांच्या आड लपू दिलेले नाही. ती रात्र आणि ते पत्र या दोन्ही ठिकाणी निर्णय देवदासाच्या हाती होता. त्याला कोणी कोंडून ठेवले नव्हते. पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते.

त्याच्या चिरंतन आकर्षणाचे मूळ येथेच शोधावे लागते. मजनूसारख्या प्रेमिकांकडे वाचक आदराने, काहीसा दुरून पाहतो. तेवढे प्रेम आपल्याला जमणार नाही हे त्याला ठाऊक असते. देवदासाची चूक मात्र कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. बोलायच्या वेळी न बोलणे, दुसऱ्या दिवसावर ढकलणे, घरच्यांचे नाव पुढे करून स्वतःची भीती झाकणे, आणि मग उरलेले आयुष्य त्या एका दिवसाभोवती फिरत राहणे, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा असतो. अनेक वर्षे वर्गात शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे आढळले असेल की विद्यार्थी देवदासावर रागावतात, त्याला नावे ठेवतात, पण त्याच्याविषयी उदासीन कधीच राहत नाहीत.

दुसरे कारण त्याच्या आत्मज्ञानात आहे. देवदास स्वतःला निर्दोष समजत नाही. त्याच्या ठायी बंडखोरी नाही आणि तक्रारही फारशी नाही. जगाला दोष देणारा नायक वाचकाला लवकर थकवतो. स्वतःलाच शिक्षा करीत बसलेल्या माणसाकडे पाहताना न्यायनिवाडा करण्याचे काम वाचकासाठी उरतच नाही. त्याच्या वाट्याला उरते ती करुणा.

मद्यपानाच्या संदर्भात मराठी वाचकास राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर आठवल्याखेरीज राहत नाही. ते नाटक १९१९ मध्ये, म्हणजे ‘देवदास’नंतर अवघ्या दोन वर्षांनी रंगभूमीवर आले. दोन्ही नायक बुद्धीने चांगले व मनाने दुबळे, आणि दोघांचाही अंत दारूने होतो. फरक असा की सुधाकराच्या मद्यपानाला गडकऱ्यांनी एका सामाजिक व्यसनाच्या शोकांतिकेचे रूप दिले. सिंधूचे हाल समोर असल्याने प्रेक्षकाला सुधाकराची कीव आली तरी त्याला क्षमा करणे जड जाते. देवदास अविवाहित आहे. त्याच्या दारूमुळे उपाशी राहणारे मूल कादंबरीत नाही. त्यामुळे त्याचे व्यसन दुःखाचा अलंकार म्हणून मिरवणे पुढच्या पिढ्यांना सोपे गेले. देवदासाच्या लोकप्रियतेतील हा धोक्याचा भाग आहे.

पार्वती व चंद्रमुखी

देवदासाची प्रतिमा ज्या दोन स्त्रियांच्या मनात घडते, त्या दोघीही त्याच्याहून समर्थ आहेत. पार्वती (पारो) ही विवाहानंतर कोवळ्या वयात मोठ्या घराची कर्ती होते. सावत्र मुले तिला आई मानू लागतात. रुसून माहेरी न येणाऱ्या सावत्र मुलीला, यशोमतीला, ती स्वतःचे दागिने देऊन आपलेसे करते. मनातील देवदास तिने कधी नाकारला नाही, परंतु त्यापायी हातातील कामही टाकले नाही. मध्यरात्री त्याच्याकडे जाण्याचे धाडस तिचे होते आणि घाटावर नकार देण्याचा मानीपणाही तिचाच.

चंद्रमुखीला देवदासाने केलेल्या तिरस्कारातच काही वेगळे जाणवते. ती आपला व्यवसाय सोडते, अशथझुरी नावाच्या खेड्यात मातीच्या घरात राहते, आणि पुढे त्याचा ठावठिकाणा काढण्यासाठी तालसोनापूरपर्यंत चालत जाते. कलकत्त्याच्या रस्त्यावर नशेत पडलेल्या देवदासाला शोधून त्याची शुश्रूषा करणारी तीच. समाजाने जिला पतित ठरवले तिच्या ठायी सर्वांत मोठे मन दाखवणे हे शरच्चंद्रांच्या अनेक कृतींचे वैशिष्ट्य आहे. चंद्रमुखी हे त्याचे आरंभीचे आणि ठळक उदाहरण होय. कादंबरीत पार्वती व चंद्रमुखी यांची भेट कधीच होत नाही.

या दोघींच्या तुलनेत नायक लहान दिसतो, आणि ते लेखकाला अभिप्रेत असावे. देवदास मोठा वाटतो तो या दोघींनी त्याच्यावर केलेल्या प्रेमामुळे. त्यांच्या डोळ्यांतून पाहिल्याशिवाय तो वाचकाला दिसतच नाही.

चित्रपटांतील देवदास

देवदासाची कीर्ती देशभर पोहोचवली ती चित्रपटांनी. नरेश मित्र यांनी १९२८ मध्ये या कथेवर मूकपट काढला. १९३५ मध्ये न्यू थिएटर्स या कलकत्त्याच्या संस्थेने प्रमथेश बारुआ यांच्या दिग्दर्शनाखाली बंगाली बोलपट तयार केला. त्यात नायकाची भूमिकाही बारुआंचीच होती. पाठोपाठ आलेल्या हिंदी आवृत्तीत कुंदनलाल सैगल नायक होते. सैगल यांच्या गाण्यांनी देवदासाला एक आवाज मिळाला आणि तो बंगालबाहेरच्या घराघरांत गेला. सैगल १९४७ मध्ये व बारुआ १९५१ मध्ये, दोघेही पन्नाशीच्या आत निवर्तले. त्यामुळे लोकांच्या मनात नट आणि भूमिका यांतील सीमारेषा पुसट झाली.

सैगल यांच्या चित्रपटाचे छायाचित्रण करणाऱ्या बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये मुंबईत स्वतः ‘देवदास’ दिग्दर्शित केला. दिलीपकुमार (देवदास), सुचित्रा सेन (पारो), वैजयंतीमाला (चंद्रमुखी) व मोतीलाल (चुनीबाबू) यांचा हा चित्रपट मूळ कादंबरीच्या वृत्तीशी सर्वांत प्रामाणिक मानला जातो. दिलीपकुमार यांनी शब्दांइतकाच शब्दांमधील विरामांचा उपयोग करून घेतला आहे. चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक देऊ केले असता वैजयंतीमाला यांनी ते नाकारले, कारण ही भूमिका पारोच्या तोडीची आहे, दुय्यम नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कादंबरीच्या वाचकाला ते पटण्यासारखे आहे.

तेलुगू व तमिळ भाषांत १९५३ मध्ये अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री यांनी या भूमिका केल्या. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटातील दिग्दर्शक नायक ‘देवदास’च तयार करीत असतो, हा संदर्भही सूचक आहे. संजय लीला भन्साळी यांच्या २००२ मधील भव्य चित्रपटात शाहरुख खान, ऐश्वर्या राय व माधुरी दीक्षित यांच्या प्रमुख भूमिका होत्या. येथे देवदास विलायतेहून परततो, आणि कादंबरीत एकमेकींना न भेटलेल्या पारो व चंद्रमुखी एकत्र नृत्य करतात. अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’ने (२००९) ही कथा समकालीन पंजाब व दिल्लीत आणली आणि नायकाला मृत्यू न देता सुधारण्याची संधी दिली.

पडद्यावर येताना व्यक्तिरेखेत एक महत्त्वाचा बदल होत गेला. कादंबरीतील पार्वती तेरा वर्षांची आहे. पडद्यावरील पारो पूर्ण वयाची स्त्री असते, त्यामुळे मूळ कथेतील बालविवाहाचे कटू वास्तव नजरेआड होते. तसेच कुटुंबीयांचे कारस्थान जितके वाढवले जाते तितका नायकाचा दोष कमी होतो. भन्साळींच्या चित्रपटात हे विशेष जाणवते. असा देवदास अधिक देखणा व अधिक निष्पाप होतो खरा, परंतु ज्या चुकीमुळे तो आपला वाटतो ती चूकच त्याच्यापासून काढून घेतली जाते.

महाराष्ट्रातील प्रतिसाद

भा. वि. (मामा) वरेरकर यांनी शरच्चंद्रांचे विपुल साहित्य मराठीत अनुवादित केले. त्या अनुवादांमुळे महाराष्ट्रात शरच्चंद्रांचा मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. सैगल यांच्या चित्रपटाचा प्रभावही येथे मोठा होता. या प्रभावाला सर्वांत ठोस उत्तरही महाराष्ट्रातूनच दिले गेले. प्रेमभंगाने खचून आयुष्य संपवणारा नायक तरुणांपुढे चुकीचा आदर्श ठेवतो, असे व्ही. शांताराम यांना वाटले. १९३९ साली त्यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतर्फे ‘माणूस’ (हिंदीत ‘आदमी’) हा चित्रपट काढला. शाहू मोडक यांनी साकारलेला गणपत हा साधा पोलीस शिपाई मैना (शांता हुबळीकर) या वेश्येच्या प्रेमात पडतो. त्याचीही प्रेमकथा अयशस्वी होते, तोही काही काळ दारूकडे वळतो, पण अखेरीस कर्तव्यावर परततो. प्रेमासाठी मरण्यापेक्षा प्रेमानंतरही जगणे अवघड आणि म्हणून मोलाचे, ही ‘माणूस’ची भूमिका आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास एकाच प्रश्नाची दोन उत्तरे समोर येतात. विचाराला गणपत पटतो. असे असूनही मराठी भाषेत शब्द रूढ झाला तो देवदासाचा. ‘याचा गणपत झाला’ असे कोणी म्हणत नाही.

आक्षेप

देवदासावरील सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीवादी दृष्टीतून घेतला जातो आणि तो घाटावरील प्रहाराशी संबंधित आहे. नकार देणाऱ्या मुलीच्या कपाळावर काठी मारणे ही हिंसा आहे. परंपरेने मात्र त्या व्रणाकडे प्रेमाची खूण म्हणून पाहिले, आणि चित्रपटांनी तर त्याला जवळजवळ कुंकवाचे स्थान दिले. कादंबरीतही पार्वती तो व्रण जपते, त्यामुळे दोष केवळ रूपांतरकारांचा आहे असे म्हणता येत नाही. बालपणी मार खाऊन पुन्हा परत येणारी पारो आणि घाटावरची पारो यांच्यातील सातत्य लेखकाने दाखवले आहे. त्या सातत्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटते, हे त्याने संदिग्ध ठेवले आहे. आजच्या वर्गात ही कादंबरी शिकवताना या प्रसंगावरून पुढे सरकणे योग्य नाही, येथे थांबावेच लागते.

दुसरा आक्षेप वर्गीय आहे. देवदासाला उपजीविकेची चिंता कधीच नव्हती; जमीनदारीच्या उत्पन्नावरच त्याचे दुःख पोसले गेले. त्याच्या दुःखाचा भार वाहिला तो धर्मदासाने. मालकाचे पैसे, औषधे आणि पडझड सांभाळीत मुंबईपर्यंत सोबत करणारा हा म्हातारा नोकर शेवटच्या रात्री गाडीत झोपलेला असतो आणि मालक त्याला न उठवताच पांडुआला उतरून जातो. सकाळी जाग आल्यावर धर्मदासाने काय केले असेल, याविषयी समीक्षेत फारसे लिहिले गेलेले नाही.